घटस्फोटात सामाईक फ्लॅटचं व्हॅल्युएशन: आमचं कसं झालं

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा म्हटलं की लोकांना वाटतं, आता वाद कसला उरला. आमचा पोटगीवर वाद नव्हता, लेकीच्या ताब्यावरही नव्हता. सगळं अडलं होतं फ्लॅटवर. दोघांच्या नावावरचा टू बीएचके, २०१४ साली ५८ लाखांना घेतलेला, त्यावर बँकेचं कर्ज. जून २०२२ मध्ये नवरा वेगळा राहायला गेला, मी आणि लेक तिथेच राहिलो. घर मी ठेवायचं आणि त्याचा वाटा त्याला पैशात द्यायचा, इथपर्यंत एकमत होतं. महाराष्ट्रात याच्या पुढचं पाऊल कुठलं, ते मला मराठीत सलग कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. फेब्रुवारी २०२४ ते मार्च २०२५ मध्ये आमच्या बाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

सुरुवातीला दोन्हीकडे आपापला आकडा तयार होता. त्याने इंटरनेटवरच्या जाहिराती बघून सव्वा कोटी धरले होते. माझ्या दादाने रेडी रेकनर काढून ८२ लाख सांगितले. म्हणजे नुसत्या वाट्यातच वीस लाखांहून जास्त फरक, आणि दोघांनाही समोरचा लुबाडतोय याची खात्री. खरं तर दोन्ही आकडे या कामाचे नव्हते. जाहिरातीत असते ती विकणाऱ्याची इच्छा. रेडी रेकनर, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, हा मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतो. त्यात विभागाचा दर, इमारतीचं वय, मजला एवढंच बघतात. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के वाढ धरतात, आमचा सातवा मजला, म्हणून ती लागली. पण खिडकीतून समोर मोकळं मैदान दिसतं की शेजारच्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइप, हे त्या तक्त्याला ठाऊक नसतं.

फेब्रुवारीत वकील मॅडमना भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किंमत राहू दे, वाटे किती-किती ठरलेत?" मी म्हटलं, निम्मे-निम्मेच ना? तर तसं आपोआप होत नाही. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता घटस्फोटात सरळ अर्धी करा, असा कायदा आपल्याकडे नाही. नाव कुणाचं आहे आणि पैसे कुणी घातले, हे बघतात. दोघांनी मिळून मिळकत घेतली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा, आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर समान वाटे मानले जातात. आमच्या करारनाम्यात वाट्यांचा उल्लेख नव्हता. दहा वर्षांची बँक स्टेटमेंट उकरली तर हप्ते बहुतेक त्याच्या खात्यातून, घरखर्च आणि शाळेची फी माझ्या खात्यातून. याचा हिशेब मांडायला बसलो असतो तर अजूनही बसलेलोच असतो. दोन्ही वकिलांनी मिळून निम्मे-निम्मे लिहून टाकलं आणि ईमेलवर दोघांकडून होकार घेतला. व्हॅल्युअरला, म्हणजे किंमत काढून देणाऱ्या तज्ज्ञाला, फोन करण्याच्याही आधी.

हे "आधी" महत्त्वाचं आहे. आकडा हातात आला की प्रत्येक नियमाकडे माणूस आपल्या फायद्याच्या बाजूने बघायला लागतो. म्हणून आणखी काही गोष्टी आम्ही आकडा येण्याआधीच कागदावर घेतल्या.

एक म्हणजे तारीख. किंमत कुठल्या दिवशीची? तो घर सोडून गेला त्या दिवशीची, अर्ज दाखल केला त्या दिवशीची, की आजची? मधल्या दोन वर्षांत भाव चढले होते, त्यामुळे घर ठेवणाऱ्या मला जुनी तारीख सोयीची होती आणि त्याला आजची. शेवटी आजची धरली, पण जून २०२२ नंतरचे हप्ते मी एकटीने भरले होते, त्यातली मुद्दलाची रक्कम आधी मला वळती करायची असं ठरलं. व्याजाचं काय, हा प्रश्न निघाला. त्याचं म्हणणं, तू तिथे राहत होतीस, भाडं कुठे देत होतीस? मला ते पटलं. व्याज सोडलं.

दुसरं, व्हॅल्युअर एकच असेल, दोघांनी मिळून नेमलेला, फी निम्मी-निम्मी. दोन व्हॅल्युअर नेमून सरासरी काढू असं त्याच्या वकिलांनी सुचवलं होतं. त्यात दोघेही आपापल्या माणसाला "जरा बघा" म्हणणार आणि सरासरीही तशीच निघणार. एकाचाच अहवाल मान्य करायचा. हरकत असेल तर लेखी, पंधरा दिवसांत, कारणासहित.

व्हॅल्युअर शोधताना नोंदणी तपासा. जमीन आणि इमारतींच्या मूल्यांकनासाठी संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खाली नोंदणी झालेले व्हॅल्युअर असतात. संपत्ती कर गेला तरी ही नोंदणी चालू राहिली. शिवाय २०१७ च्या नियमांखाली आयबीबीआयकडे (भारतीय दिवाळखोरी मंडळाकडे) नोंदणी केलेलेही असतात. आम्ही ज्यांना फोन केले त्या प्रत्येकाने आधी विचारलं, "कशासाठी हवंय? व्हिसा? कॅपिटल गेन? बँक?" घटस्फोट म्हटल्यावर एकाने विचारलं, "जास्त दाखवायचंय की कमी?" तो फोन मी तिथेच ठेवला. ज्यांना नेमलं ते निवृत्तीच्या वयाचे सिव्हिल इंजिनिअर होते. त्यांची अट एकच होती, पाहणीच्या वेळी दोघंही हजर हवेत, आणि फोन कुणीही केला तरी उत्तर दोघांना ईमेलवर जाईल. फी साडेनऊ हजार.

कागद गोळा करायला मार्च आणि अर्धा एप्रिल गेला. मूळ करारनामा बँकेकडे गहाण. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून घ्यावी लागली, सोबत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा. याशिवाय सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र. भोगवटा प्रमाणपत्र सोसायटीच्या फाइलमध्ये सापडेना. बिल्डरच्या ऑफिसात कुणी ओळख द्यायला तयार नव्हतं, शेवटी महापालिकेत अर्ज करून नक्कल घेतली. सोसायटीच्या ऑफिसात कागद मागताना "का हवेत?" हा प्रश्न येतो. मी "बँकेला हवेत" एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं, पुढे बँकेलाही लागलेच.

पाहणी मे महिन्यातल्या एका शनिवारी ठेवली. लेकीला आजीकडे पाठवलं. तो बऱ्याच महिन्यांनी घरात आला होता आणि कुठे उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं. मलाही बस म्हणावं की नको ते कळेना. व्हॅल्युअर काकांना हा प्रकार नवा नसावा. त्यांनी आल्या आल्या दोघांना काम दिलं. त्याला मीटर बोर्ड आणि पार्किंग दाखवायला सांगितलं, मला कागदांची फाइल टेबलावर लावायला.

लेझरच्या यंत्राने प्रत्येक खोली मोजली. करारात चटई क्षेत्र ६४० चौरस फूट होतं, मोजमाप जवळपास तेवढंच भरलं. आम्ही ड्राय बाल्कनी बंद करून स्वयंपाकघरात घेतली होती. ती त्यांनी नकाशावर टिपली आणि वेगळी लिहिली. मंजूर नकाशात नाही त्या बदलाला किंमत धरत नाही म्हणाले. साडेतीन लाख घालून केलेलं मॉड्युलर किचन त्यांनी दोन मिनिटांत बघून संपवलं. "ताई, घेणारा येतो तो हे काढून स्वतःचं करतो." फर्निचरवर खर्च केलेले पैसे किमतीत परत येतील अशी आशा असेल तर ती आधीच सोडून द्या, आणि फ्रिज-टीव्ही-पलंग यांची यादी वेगळी करा, ती व्हॅल्युएशनमध्ये मिसळू नका.

पार्किंगचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा निघाला. बिल्डरने आमच्याकडून स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतल्या) पार्किंगचे वेगळे पैसे घेतले होते. पण स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलेलं आहे. त्यामुळे ती आपल्या मालकीची जागा म्हणून धरता येत नाही. पार्किंग मिळालेला फ्लॅट आणि न मिळालेला फ्लॅट यांच्या विक्रीत जो फरक पडतो तेवढाच धरता येतो.

मास्टर बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती. कपाटामागे असल्याने दिसत नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यानेच कपाट सरकवून ती दाखवली. किंमत कमी झाली तर त्याचाच वाटा कमी होणार होता. दोन वर्षं आम्ही एकमेकांना वकिलांच्या भाषेत पत्रं लिहीत होतो. त्या एका ओलीच्या डागाने पुढच्या बोलण्याला जेवढी मदत केली तेवढी कुठल्याच पत्राने केली नव्हती.

अहवाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. फोटो, नकाशा आणि आजूबाजूच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे तपशील. हे तपशील त्यांनी नोंदणी झालेल्या दस्तांच्या इंडेक्स टू वरून घेतले होते. आमच्याच संकुलातले आणि शेजारचे व्यवहार ९७ लाखांपासून १ कोटी ७ लाखांपर्यंत होते. त्यात मजला, ओल, क्षेत्रफळ यांचा फरक करून त्यांनी बाजारमूल्य १ कोटी ४ लाख काढलं. खाली आणखी दोन आकडे होते, वसुलीयोग्य मूल्य आणि तातडीच्या विक्रीचं मूल्य, अर्थात कमी-कमी होत जाणारे. हे बँकांच्या सोयीसाठी असतात. दादा लगेच म्हणाला, शेवटचा धर. पण आमच्या कागदावर "बाजारमूल्य" असा शब्द आधीच लिहिलेला होता, त्यामुळे हा वाद सुरू व्हायच्या आतच मिटला. तुमच्याही मसुद्यात नुसतं "मूल्यांकनाप्रमाणे" असं लिहू नका. कुठलं मूल्य, ते लिहा.

मग हिशेब. १ कोटी ४ लाखांतून शिल्लक कर्ज २७ लाख ४० हजार वजा, राहिले ७६ लाख ६० हजार. त्यातून मी भरलेलं मुद्दल ४ लाख ६० हजार वजा, राहिले ७२ लाख. त्याचे ३६ लाख. दलाली वजा करायची का, यावर थोडी चर्चा झाली, घर विकलं असतं तर ती लागलीच असती असं मी म्हटलं. त्याने नकार दिला, कारण घर विकत नव्हतोच. त्याचं बरोबर होतं.

खरं सांगायचं तर आकडा बघून दोघेही नाराज होतो. त्याला कमी वाटला, मला जास्त. पण भांडायला जागा उरली नव्हती, कारण आकड्याकडे जाणारी प्रत्येक पायरी आम्हीच मान्य केलेली होती.

जुलै २०२४ मध्ये कुटुंब न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज दाखल केला. त्यासोबत कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी. घराच्या कलमात रक्कम, मुदत, कर्ज कोण फेडणार, हक्कसोडपत्र केव्हा करायचं, आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर काय, हे सगळं आलं. व्हॅल्युएशन जुनं होत जातं म्हणून ही किंमत ३१ मार्च २०२५ पर्यंत कायम धरायची, असंही एक वाक्य होतं. ते नसतं तर बँकेच्या प्रत्येक विलंबाबरोबर भाव पुन्हा उघडला असता. समुपदेशकांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं, हा आकडा कसा आला? मी अहवाल पुढे केला. त्यांनी तो चाळला आणि पुढचा प्रश्न लेकीबद्दल विचारला.

सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ न्यायालय माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने स्पष्ट झालेलं आहे. आम्ही दोन वर्षांहून जास्त वेगळे राहत होतो आणि सगळ्या बाबींवर तडजोड झाली होती, म्हणून तसा अर्ज दिला. तो मंजूर झाला आणि नोव्हेंबरमध्ये डिक्री, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा, हाती आली.

त्यानंतर बँक. इथे मला वाटलं होतं की त्याचं नाव कमी करून कर्ज माझ्या नावावर ठेवतील. तसं होत नाही. माझ्या एकटीच्या पगारावर सगळी तपासणी नव्याने करतात, एका अर्थी नवीनच कर्ज. डिक्रीची प्रमाणित प्रत, कन्सेंट टर्म्स, पगाराच्या स्लिपा. आमचा अहवाल त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर पाठवला. तो पंधरा मिनिटांत बघून गेला आणि ९८ लाख किंमत आली. माझ्या आधीच्या नवऱ्याला हे कळल्यावर तो हसला, मला म्हणाला, "बघ, तुझे तीन लाख गेले." पण तो आकडा कर्ज किती सुरक्षित आहे हे बघण्यासाठीचा, आमच्या वाटणीसाठीचा नव्हे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते, त्यात मी सहज बसत होते. अडत होता माझा पगार. ५० लाख मंजूर झाले, बाकीच्यासाठी ठेवी मोडल्या. मुद्रांक शुल्क या कर्जातून मिळत नाही, ते वेगळं बाजूला ठेवा.

डिक्रीत काहीही लिहिलं असलं तरी बँकेच्या लेखी जुनं कर्ज फिटेपर्यंत दोघेही कर्जदारच असतात. हप्ता चुकला तर दोघांचं सिबिल बिघडतं. घर सोडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं आणि बँकेचं कर्जफेडीचं पत्र स्वतःकडेही घ्यावं.

मुद्रांक शुल्काचा खर्च मला अंदाजापेक्षा फार जास्त आला. दोनशे रुपयांत हक्कसोडपत्र होतं असं लोक सांगतात. ती नाममात्र शुल्काची सवलत वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नातेवाइकाच्या नावे मोबदल्याशिवाय सोडण्यासाठी आहे. आमचा फ्लॅट विकत घेतलेला, शिवाय पैसे देऊन हक्क सोडला जात होता, म्हणून त्या वाट्यावर खरेदीखतासारखंच शुल्क. "मग डिक्रीच्या आधी बक्षीसपत्र का नाही केलंत?" हेही अनेकांनी विचारलं. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला शुल्क नाममात्र असतं हे खरं, पण ३६ लाख घेऊन दिलेल्या गोष्टीला बक्षीस म्हणायला आमच्या वकील मॅडम तयार नव्हत्या. शंका नको म्हणून दस्ताचा मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. तिथे महिन्याभराने रक्कम लेखी कळली, तीन लाखांहून थोडी जास्त. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजार.

प्राप्तिकरासाठी सीएकडे जाणं दोघांनाही भाग होतं. भांडवली नफा त्याचा, कारण हक्क त्याने सोडला. मोबदला रेडी रेकनरच्या किमतीहून फार खाली असेल तर कर त्या वरच्या किमतीवर लागतो, आमचा तसा नव्हता. मोबदला ५० लाख किंवा जास्त असता तर मला १ टक्का टीडीएस कापून फॉर्म २६क्यूबी भरावा लागला असता. कर्जातला त्याचा वाटा धरूनही आमचा आकडा थोडक्यात खाली राहिला. रक्कम त्या सीमेजवळ असेल तर दस्त व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. मुद्दाम मार्चच्या आधी, कारण १ एप्रिलला रेडी रेकनर बदलू शकतो म्हणून मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयात झुंबड असते. (२०२४-२५ मध्ये दर बदलले नव्हते, १ एप्रिल २०२५ पासून वाढले.) बोटांचे ठसे, फोटो, दोन साक्षीदार. माझ्या बाजूने दादा, त्याच्या बाजूने त्याचा मित्र. बँकेची पे ऑर्डर आणि सही एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हावी असं दोन्ही वकिलांनी ठरवलं होतं, तसंच झालं. सर्व्हर बंद पडल्यामुळे दुपारभर बाकावर बसावं लागलं. त्याने लेकीच्या सहामाहीचे मार्क विचारले. गणितात घसरली आहे म्हटलं.

त्यानंतरची कामं किरकोळ वाटतात, पण रेंगाळतात. सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव कमी करायला नोंदणीकृत दस्ताची प्रत आणि अर्ज द्यावा लागतो. कमिटीने ट्रान्सफर प्रीमियम मागितला तर महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, त्याहून जास्त मागता येत नाही. आमच्याकडे आधी त्याहून मोठी रक्कम तोंडी सांगितली होती. लेखी मागा म्हटल्यावर ती विरली. वीज मीटर, मालमत्ता कर, गॅस, तिन्हीकडे वेगळे अर्ज. आणि नॉमिनेशन. सोसायटीत, बँकेत, पीएफमध्ये, सगळीकडे जुनं नाव तसंच असतं, डिक्रीमुळे ते आपोआप बदलत नाही. सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म मी मार्चमध्ये भरला. लेक अठरा वर्षांची नाही म्हणून पालकाचं नाव द्यावं लागलं, तिथे दादाचं दिलं.